शेवटच्या डब्यातला श्वास

१९६४ साली बर्फाच्या कारखान्यातले मिस्त्री गेले, पण त्यांचा शेवटचा श्वास तिथल्या थंड कोठीत राहिला. त्यांच्या थोरल्या मुलीचं तरी तसंच म्हणणं होतं.

पाणी गोठताना त्यातली हवा मध्ये कोंडते. ती निघून बर्फाची लादी काचेसारखी व्हावी म्हणून साच्याच्या डब्यात हवेची नळी सोडत. नळी तुंबली की मिस्त्री तोंडानं फुंकत. त्या दिवशी शेवटच्या डब्यात फुंकर मारून ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. ती लादी निघाली तेव्हा तिच्या पोटात बुडबुड्यांचा पांढरा गाभा होता.

थोरलीनं हातापाया पडून ती कोठीवाल्या काकांकडे ठेवायला दिली.

"इथं काही सडत नाही की वितळत नाही," काका म्हणाले. "मीच तेवढा म्हातारा होतोय."

दर रविवारी ती बघायला जाई. सातव्या महिन्यात लादी निम्मी झाली होती आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत.

"काका, फोडून विकताय का?"

"पोरी, तुझ्या बापाबरोबर वीस वर्षं एका डब्यात जेवलोय. थेंबभर ओल दाखव, नाहीतर शब्द मागे घे."

धाकटी रसायनशास्त्र शिकत होती. थोरली तिला घेऊन आली. धाकटी बराच वेळ बघत राहिली. "ताई, ही वितळत नाहीये. वरच्या थरातले रेणू एकमेकांचे हात सोडून थेट हवेत जातायत. मध्ये पाणी होतच नाही."

"एवढ्या थंडीत?"

"थंडीतही सगळे गप्प बसत नाहीत. आपले आप्पा तरी कुठे गप्प बसायचे?"

"मग जातात कुठे?"

धाकटीनं वर पाहिलं. गार नळ्यांवर बोटभर पांढरं हिम बसलं होतं.

काकांनी हातातली खरवडणी हळूच खाली ठेवली. दर सोमवारी ते हिम खरवडून मोरीत टाकत.

गाभ्यावर आता चारच बोटं बर्फ उरला होता. कुणी जवळ नसताना आप्पा निघून जातील, या धास्तीनं थोरलीनं लादी गोणपाटात गुंडाळली, घरी आणली आणि स्वयंपाकघरात घमेल्यात ठेवली. थंडीचे दिवस, खिडक्या बंद. मायलेकी भोवती बसल्या. दुपारी बुडबुडे तडतडू लागले.

"हळू," आई म्हणाली. "बोलतायत."

तीनच्या सुमारास आवाज थांबला. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, कुणी तोंड जवळ नेल्यासारखी. तिथं कुणीच गेलं नव्हतं.

आईनं ती काच मरेपर्यंत पुसू दिली नाही. काका नोकरीत होते तोवर खरवडण्याआधी नळ्यांना हात जोडत. धाकटी शिक्षिका झाली. बर्फ न वितळता हवेत जातो, हा धडा शिकवायची वेळ आली की आधी वर्गाच्या खिडक्या उघडायची. थोरली आता एकटीच त्या घरात असते. हिवाळ्यात सकाळी काच धुरकटली, की ती चहाचे दोन कप मांडते.