घंटीची चौकट

आत्याला कुणी काही विचारलं आणि तिनं उत्तर दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. जन्मभर तिनं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, आणि दिवा लागला की लाइन घ्यायची. दिव्यामागे कोण आहे ते उचलल्याशिवाय कळत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. घरातल्या पोरांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं 'दिव्यामागे' म्हटलं की उरलेलं ती पोरंच पुरं करायची.

आता अशा बाईच्या हाती कॉम्प्युटर दिल्यावर दुसरं काय होणार? पडद्यावर चौकट उगवली की आत्या उत्तर द्यायची. 'आमच्या बातम्या तुम्हाला पाठवू का?' पाठवा. 'तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्याल का?' कळू द्या बापडं, लपवण्यासारखं आहे काय. 'अभिनंदन, तुम्ही आजच्या भाग्यवान विजेत्या आहात!' याला मात्र ती 'नको, आभारी आहे' असं चक्क तोंडानं म्हणायची आणि मग ती चौकट बंद करायचं बटण शोधत बसायची. ते असायचं तिळाएवढं, त्याच्या शेजारी तोतया बटण, आणि आत्याचं बोट हमखास तोतयावर पडायचं. होता होता चौकटींची इतकी दाटी झाली की मागचं पान दिसेनासं झालं.

एक दिवस त्यातलीच एक लालभडक चौकट ओरडायला लागली. 'धोका! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला आहे, ताबडतोब या नंबरावर फोन करा.' आत्यानं केला. पलीकडच्या माणसानं गोड बोलून तिच्याकडून हे उघड, ते दाब, असं बरंच काही करून घेतलं. बँकेचा पासवर्ड विचारण्यापर्यंत तो आला होता, पण तेवढ्यात त्यानं काही न सांगता तिला ताटकळत ठेवलं. नुसतं पिरपिरं संगीत सुरू. 'जरा थांबा' नाही की 'माफ करा' नाही. आत्याचं डोकं सणकलं. तो परत लाइनवर आल्याबरोबर तिनं त्याला फैलावर घेतलं. "फोनवरच्या माणसाला न सांगता असं टांगून ठेवतात? कुणी शिकवलं तुम्हाला काम?" आणि फोन आपटला. पासवर्ड बचावला तो असा.

ही हकीकत घरच्यांना कळली तीही आत्याकडूनच, हल्ली लोकांना फोनवर बोलायची रीत उरली नाही या तक्रारीच्या ओघात. दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, कपाळाला हात लावला.

"ते खोकं मी उद्याच्या उद्या माझ्या घरी नेणार," तो म्हणाला. "या वयात लुबाडून घ्यायची हौस आलीय तुला?"

मधे पडली ती दादाची मुलगी. तिची नोकरीच दुसऱ्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून सांभाळायची. ती म्हणाली, "बाबा, मला एक रविवार द्या. मी सगळं नीट लावून देते. परत काही झालं तर खुशाल न्या."

आत्यानं मान हलवली. कॉम्प्युटर गेला असता तर बातम्या गेल्या असत्या, हवामान गेलं असतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण घंटीही गेली असती.

घंटी म्हणजे बोर्डावर शेजारच्या खुर्चीत बसणारी तिची मैत्रीण. हसली की सगळी खोली वाजायची, म्हणून घंटी. कामात असताना दोघींना एकमेकींशी बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी एक खूण ठरवली होती. आतली लाइन उघडायची आणि तोंडापुढच्या माउथपीसवर नखानं दोन टिचक्या मारायच्या. टक टक. म्हणजे, आहेस ना? तिकडून टक टक. आहे. कामाची पाळी कितीही वाईट असो, कुणी कितीही शिव्या घालो, त्या दोन टिचक्यांवर दिवस निभायचा.

मग निवृत्तीनंतर घंटीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. ती लांब मुलाकडे राहायला गेली. जाताना तिनं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून आत्याला बजावलं होतं, 'मला फोन करू नकोस. वाजतो आणि मला उचलता येत नाही. सोसत नाही मला ते.' आत्यानं शब्द दिला आणि पाळला.

पुढे घंटीच्या नातवानं फुकट पत्ते खेळायची एक साइट तिला दाखवली. खेळताना बाजूला लिहून गप्पाही मारता यायच्या. दोघी पत्ते खेळायच्या नावाला, डाव कुणीही जिंको, बाजूला गप्पांचा धबधबा. रोज संध्याकाळी पडद्यावर चौकट उगवायची, 'तुमची मैत्रीण खेळायला बोलावत आहे.' बोलावणं नेहमी घंटीकडूनच यायचं. तिची औषधं, तिचं दुखणं, तिला बरं वाटेल तेव्हा. आणि आत्याला तरी आपण होऊन बोलवायची सवय कुठे होती? जन्मभर दुसऱ्यांनी हाक मारायची आणि तिनं ओ द्यायची.

आणि पडद्यावरची सगळी घाण येत होती ती नेमकी याच साइटवरून. आत्याला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती गप्प बसली.

रविवारी भाची आली, बाह्या सरसावून बसली आणि चौकटी धडाधड बंद करत सुटली.

"आत्या, तुझा हा ब्राउझर कॉम्प्युटरबरोबर आलेला, तो तू एकदाही नवा केलेला नाहीस. भोकं पडलीत त्याला. कुणीही यावं आणि टपली मारून जावं."

"ब्राउझर म्हणजे काय ते तर सांगशील?"

"इंटरनेटवरची पानं ज्याच्यातून बघतेस ना, ते. माझ्या मनात दोन आहेत. हा पहिला चौकटी अडवतो, पण अडवली की वर कोपऱ्यात तुला सांगतो, ही ही आलीय, सोडू का. दुसरा एकदम कडक. चौकट दिसली की दारातूनच परत. विचारणं नाही, सांगणं नाही."

"आलं होतं कोण, तेसुद्धा नाही सांगत?"

"तुला त्रासच नको ना कसला."

असा ऑपरेटर आमच्या बोर्डावर एक दिवस टिकला नसता, हे आत्याच्या अगदी ओठावर आलं होतं. एरवी ती बोलून मोकळी झाली असती. पण मनात चोर असला की माणूस दुसऱ्याच्या हो ला हो करतो.

"तू जाणतेस, तूच बघ," ती म्हणाली.

"बरं, कुठल्या कुठल्या साइटवर जातेस तू?"

"बातम्या. हवामान."

"आणखी?"

"आणखी काय असणार म्हातारीचं?"

भाचीनं कडक ब्राउझर बसवला, जुना काढून टाकला आणि आत्याच्या गालावर टिचकी मारून गेली. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता.

संध्याकाळी आत्या चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. पत्त्यांची साइट उघडली. ना विजेते, ना लाल अक्षरं, कसं छान शांत. ती वाट बघत राहिली. चहा संपला. घंटी आली नाही.

दमली असेल, आत्याला वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, पाहुणे आले असतील. त्यानंतर मात्र मन नको तिकडे धावायला लागलं. घशाचं दुखणं उलटलं का? का मागल्या डावात आपण तिला 'चिडकी' म्हणालो त्याचा राग? पण चिडकी तर आपण तिला कायमच म्हणत आलो. स्वयंपाक करताना ती मधेच गॅस बारीक करून पडद्यापाशी जायची, बघायची आणि परत यायची. रोज भाचीचा फोन यायचा, "शांत आहे ना सगळं?" आणि आत्या म्हणायची, "अगदी शांत गं बाई." फोन ठेवल्यावर तिला रडू यायचं.

एका संध्याकाळी भाची न सांगता येऊन ठेपली. आत्या पडद्यासमोर बसली होती, पुढ्यात गार झालेला चहा, आणि पडद्यावर पत्त्यांची ती साइट सताड उघडी. लपवायला वेळच मिळाला नाही.

"आत्या, ही कुठली साइट? अगं, सगळ्या भानगडीचं मूळ हेच दिसतंय!"

"हेच आहे," आत्या म्हणाली. "ने तो कॉम्प्युटर. सांग दादाला. मी काही म्हणणार नाही. पण नेण्याआधी एवढं शोधून सांग मला, माझी घंटी आहे का गेली."

आणि ती रडायला लागली. भाची घाबरलीच, आत्याला असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं स्टूल ओढलं, आत्याचे हात हातात घेतले आणि सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशन, पाटी, पत्ते, सगळं.

"तिचं बोलावणं यायचं कसं?" तिनं विचारलं.

"चौकट उगवायची."

भाचीनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "आत्या," ती मग म्हणाली, "ती येत असणार गं. रोज. तिला मीच दारातून परतवून लावलंय."

आत्यानं डोळे पुसले. रागवायला हवं होतं, पण तिला आधी हायसंच वाटलं. मग सावकाश राग आला, तोही ब्राउझरवर.

"तो दुसरा बसव," ती म्हणाली. "जो विचारतो तो. आमच्याकडे डॉक्टरांना कुणाचा फोन द्यायचा आणि कुणाला वाटेला लावायचं, ते मीच ठरवायचे. न सांगता लाइन तोडायला कुणी बोर्डावर बसायचं नाही."

"मग इतकी वर्षं सगळ्यांनाच हो का म्हणत होतीस?"

"नाही म्हणायची सोय आहे, हे मला कुणी सांगितलं होतं?"

भाची हसली आणि कामाला लागली. विचारणारा ब्राउझर बसला. कोपऱ्यात एक बारीकशी खूण आली, 'चौकट अडवली आहे.' विजेत्यांची होती. आत्यानं चष्मा वर सरकवून वाचली आणि म्हणाली, "हिला सांग, लाइन व्यस्त आहे." पत्त्यांच्या साइटवरून फक्त खेळाचं बोलावणं तेवढं सुटेल, अशी व्यवस्था भाचीनं लावून दिली.

"बाबांना सांगते, बोर्डावर ऑपरेटर रुजू झालाय," ती म्हणाली. "कॉम्प्युटर कुठे जात नाही."

मग दोघी वाट बघत बसल्या. बाहेर अंधारून आलं. घंटीची चौकट काही आली नाही.

"फोन कर तिला," भाची म्हणाली.

"करणार नाही असा शब्द दिलाय."

"अगं, पण ती तिकडे काय समजली असेल? इतक्यांदा बोलावलं आणि तू ओ दिली नाहीस. तू!"

हे मात्र आत्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ती उठली आणि घंटीच्या मुलाच्या घरचा नंबर फिरवला. तो तिला तोंडपाठ होता, कधीच न लावता.

पलीकडे फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. आत्याला ते घर दिसल्यासारखं झालं. मुलगा-सून अजून कामावर, आणि फोनपासून चार हातांवर बसलेली घंटी, कानावर हात ठेवून. ठेवून द्यावं, तिला छळू नये, असं वाटून आत्यानं रिसीव्हर कानापासून काढला, आणि तेवढ्यात वाजणं थांबलं.

कुणीतरी उचलला होता. पलीकडे आवाज नव्हता. पण लाइन उघडी असली की तिला एक हलकी गाज असते, ती आत्याच्या कानाला बरोबर कळत होती.

"घंटे," ती म्हणाली, "मी तुला उत्तर दिलं नाही असं झालेलंच नाही गं. चौकट माझ्यापर्यंत..." आणि पुढे तिला बोलता येईना. रिसीव्हर कानाला धरून ती तशीच उभी राहिली. भाची तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग पलीकडून आलं. टक टक.

आत्यानं रिसीव्हर तोंडासमोर धरला आणि नखानं दोन टिचक्या मारल्या.