उंटाला लागलेला हात

"जिंकलो तर इथंच राहतो. हरलो तर सकाळी बॅग भरतो," बाबा म्हणाले आणि पटावर प्यादी मांडू लागले.

विषय वृद्धाश्रमाचा होता. त्या घरात मोठा विषय निघाला की पाठोपाठ पट निघायचा. खिडकीजवळ कुणी झोपायचं, मुलाने काय शिकायचं, सगळं बुद्धिबळावर ठरलेलं. मुलगा खरं तर पुढे शिकणार होता, पण एका घोड्यापायी डाव गेला आणि तो लिफ्टदुरुस्तीला लागला. पुढच्या तीन चालींचा विचार करावा, हे बाबांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं. लिफ्टला मुळात दोनच चाली.

दुसरा धडा असा, की ज्याला हात लावला तोच मोहरा खेळायचा. हा नियम पटावरून कधी खाली उतरला, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाजारात भोपळ्याला हात लागला की भोपळा घरी यायचा. मुलाची बायको तर त्याला म्हणायची, "तुमचा माझ्या हाताला चुकून हात लागला आणि अडकलात बिचारे."

गेल्या महिन्यात बाबांनी पातेल्यात चहाऐवजी लाकडी घोडा टाकला आणि गॅस चालू ठेवून झोपले. घोडा वाचला, पडदा गेला.

"मी हरणार आहे," लिफ्टवाला स्वयंपाकघरात येऊन बायकोला हळूच म्हणाला.

"हरा की. पण उद्यापासून दुपारी घरी कोण थांबणार? मी कामावर, तुम्ही कुणाच्या तरी लिफ्टमध्ये लटकलेले."

तो जाऊन पटासमोर बसला.

मुद्दाम वाईट खेळणं ही कला आहे. पण समोरचा मनापासून वाईट खेळत असेल तर ती चालत नाही. त्याने हत्ती फुकट दिला, बाबांनी घेतला नाही. त्याने राजा उघडा टाकला, बाबा त्या राजालाच विचारू लागले, "पाणी पितोस का?" मग विचार करकरून बाबांनी आपला वजीर नेमका त्याच्या उंटाच्या तोंडी आणून ठेवला.

त्याला प्यादं सरकवायचं होतं. कडेचं, निरुपद्रवी. तसं त्याने मनात पक्कं केलं आणि हात पुढे गेला.

"हात लागला," बाबा म्हणाले.

बोट उंटावर होतं.

"चुकून लागला, बाबा."

"चुकून भोपळ्याला लागतो. उंटाला नाही." बाबांचा आवाज एकदम जुना, खणखणीत झाला होता. "खेळ."

उंटाला तिथून वजीर मारण्याव्यतिरिक्तही बऱ्याच चाली होत्या. त्याने वजीर मारला. सवयीने, असं तो नंतर बायकोला सांगणार होता. तिने विचारलंच नाही.

मात झाल्यावर बाबांनी रीतसर हात मिळवला. "छान खेळलास," म्हणाले. सकाळी बॅग त्यांनी स्वतःच भरली. सुनेने दोन स्वेटर बॅगेत घालायला दिले तर एक परत केला, "जागा अडवतो," म्हणून.

टॅक्सीत बाबा बॅग मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनी सहज विचारलं, "काल कोण जिंकलं रे?"

लिफ्टवाल्याने ड्रायव्हरच्या मानेकडे पाहिलं. "तुम्ही, बाबा."

"वाटलंच मला. तुझं हल्ली खेळात लक्ष नसतं." बाबा खूश झाले. मग मांडीकडे पाहून त्यांनी थोडा विचार केला, बॅग उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"म्हणजे ही तुझी," ते म्हणाले. "घाबरू नकोस. मी येत जाईन भेटायला."

बॅग फारशी जड नव्हती. वृद्धाश्रमाचं फाटक येईपर्यंत त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.