पोटातली अंडी, ताटलीतली अंडी

माझी लेक टॅन्सी आत्ता झोपली आहे, तोवर लिहून घेते. ती झोपते तर वीस मिनिटं, नाहीतर दोन तास. मधलं काही तिला मंजूर नाही.

आमच्या केंब्रिजच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच: मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा आरपार दिसणारा एक कृमी, त्याच्या अंड्यात जीव घडत असताना स्नायूंची चौकट उभी करणारं एक प्रथिन पहिल्यांदा कुठे आणि कधी दिसतं, ते सांगायचं. नेमकं त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटीबॉडी घालायची, तिला हिरवा चमकणारा रंग जोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं.

बाळंतपणाच्या रजेवरून परत आले आणि तिसऱ्याच आठवड्यात ते प्रथिन मला आतड्यात दिसलं. स्नायूंचा पत्ता नाही आणि अंड्याच्या मधोमध हिरव्या ठिणग्या! हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमचा प्रमुख डंकन एरवी नुसतं "हं" म्हणतो. तो चक्क खुर्चीतून उठला. "मेरिन, हे खरं ठरलं तर तुझं इथल्या नोकरीचं पुढचं वर्ष पक्कं समज." परिषदेसाठीचा सारांश शुक्रवारी पाचच्या टपालाने जायचा होता.

शुक्रवारी मला सकाळपासून एका जागी बसवेना. अंड्यांच्या काचपट्ट्या काढल्या, ठेवल्या, पुन्हा काढल्या. साडेतीनला चहाला गेले, तर चहाही गार झाला.

"काय गं पोरी, मुंग्या चावतायत का?" डोरीनने विचारलं. वीस वर्षं ती कृमी वाढवायच्या ताटल्या ओततेय. आम्हा सगळ्यांची नाडी तिला कळते.

"काही नाही हो. सगळं नीट आहे. अँटीबॉडी न घातलेली पट्टीही पाहिली मी. काळीकुट्ट होती, म्हणजे हिरवं दिसतं ते अँटीबॉडीचंच."

"त्या पट्टीला अंडी कुठली घेतलीस? पोटातली की ताटलीतली?"

मी कप खाली ठेवला.

ती पट्टी केली तो मंगळवार होता. पाळणाघर साडेपाचला बंद होतं, पाच वाजत आले होते, छाती दुधाने दगड झाली होती. ताटलीवरची अंडी धुऊन गोळा करायला वेळ नव्हता. म्हणून चार कृमी चिरले आणि पोटातली अंडी घेतली. पोटातली म्हणजे कोवळी, मूठभर पेशींची; त्यांना अजून आतडंच नसतं. ताटलीवर घातलेली अंडी काही तासांनी मोठी, आणि अँटीबॉडी मी त्यांच्यावर घातली होती. या कृमीचं आतडं मुळात कुठल्याही रंगाशिवाय स्वतःच चमकतं. हे प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगतात. तिघांना तर मीच सांगितलंय.

"मला वाटलं, तू बघितलंच असशील," डोरीन हळूच म्हणाली. "मी आपली ताटल्या ओतणारी."

मी पळालेच. ताटलीवरची अंडी धुतली, पट्टीवर घेतली, वर पातळ काच ठेवली, सुक्या बर्फावर गोठवली, ब्लेडने काच टचकन उडवली, पट्टी मेथॅनॉलमध्ये बुडवली. अँटीबॉडीचा थेंबही नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

माझा शोध झगमगत होता. तितकाच सुंदर.

पाचला वीस कमी. डंकनच्या टेबलावर लिफाफा तयार होता, फक्त चिकटवायचा. अंडी कुठली होती, हे परिषदेत कोण विचारणार? असंही मनात आलं, खोटं का बोलू! दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परतले. मग आत शिरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"हं," डंकन म्हणाला. "मग उरलं काय?"

"स्नायूंच्या चार रांगा. अंड्यातला जीव पहिल्यांदा वळवळतो, त्याच्या जरासं आधी."

"तेवढा अंदाज सगळ्यांनाच होता."

"अंदाज होता. मी मिनिटं मोजलीत."

त्याने लिफाफ्यातला कागद काढून पेनासकट माझ्यापुढे सरकवला. आतड्याच्या तीन ओळी मी खोडल्या. समासात मिनिटं लिहिली. डंकनने लिफाफा चिकटवला.

"तुझ्या वर्षाचं सोमवारी बोलू," एवढंच म्हणाला.

पाळणाघरात पोचायला अकरा मिनिटं उशीर झाला. मुलं सांभाळणारी ग्लेनिस कोट घालून दारातच उभी. "या राणीसाहेब! आम्ही म्हटलं, आज मुक्काम इथेच." टॅन्सी तिच्या कडेवर धनुष्यासारखी ताणलेली, गाल लाल, एक मोजा कुठेतरी हरवलेला. माझ्याकडे येताच तिने अशी लाथ मारली की सायकलची किल्ली खाली पडली. ती उचलायचं सोडून मी तिचा उघडा पाय मुठीत धरून उभी राहिले. गार पडला होता.

आज रविवार. काल दिवसभर मनातल्या मनात डंकनशी बोलत होते. तो दर वेळी नुसतं "हं" म्हणतो. उद्या दहाला जायचंय. ताटलीतल्या अंड्यांची नवी पट्टी सोबत नेईन, त्याने मागितली नाही तरी.

पांघरूण हलतंय. आधी पाय, मग...