नीरजाच्या नडगीतला काटा

बसवनगुडीतल्या त्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. होसकोट्याहून आलेले काटेस्वामी दुखऱ्या जागी तांब्याची नळी लावत, जोरात ओढत आणि तोंडातून काळा काटा काढून दाखवत. "करणी निघाली!" म्हणत लोक हात जोडत.

सत्यवतीबाई धाकट्या लेकीला, नीरजाला घेऊन पुढेच बसल्या होत्या. कॉलेजात पळण्यात पहिली येणारी पोर, पण पळताना नडगी ठणकायची. मागे स्वामींनी काटा काढला, अमावास्येपर्यंत मैदान बंद केलं आणि दुखणं थांबलं. निवडीच्या शर्यतीसाठी ती पुन्हा पळू लागली, तसं ते दुपटीनं उसळलं.

थोरली अनुसूया स्वामींचं तोंड निरखत होती. दर रोग्याआधी हा आतल्या खोलीत का जातो? आणि बाहेर आल्यावर गालात सुपारी धरल्यासारखा का बोलतो?

"शत्रूनं दुसरा काटा पेरलाय, अम्मा," स्वामी गुळमुळीत बोलले. "हा काढतो. परवा हरणासारखी पळेल!"

अनुसूयेनं पाण्याचं फुलपात्र पुढं केलं. "आधी स्वल्प चूळ भरा, स्वामी."

"अक्का, गप्प बस!" नीरजा कुजबुजली.

"देवीचा कोप होईल!" स्वामी ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना ठसका लागला. काळा काटा सतरंजीवर पडला. नळी अजून नडगीला लागलीही नव्हती.

"पण मागच्या खेपेला बरं वाटलं होतं की गं!" सत्यवतीबाई रडवेल्या झाल्या.

अनुसूया दोघींना तडक डॉक्टर अरविंदांकडे घेऊन गेली आणि सगळी हकीकत सांगितली.

"नडगीभर दुखतं की एकाच जागी?" डॉक्टरांनी विचारलं. हाडावरून बोट दाबत नेताना एका ठिकाणी नीरजा किंचाळली. एक्सरेत नेमका तिथंच बारीक तडा दिसला.

"कवायत करणाऱ्या नव्या शिपायांनाही असं होतं," डॉक्टर म्हणाले. "हाडाला रोज मार बसतो, सावरायला वेळ मिळत नाही. मागच्या वेळचा गुण काट्याचा नव्हे, विश्रांतीचा. तीही अपुरी पडली. परवाच्या शर्यतीत पळाली तर हाड मोडेल."

ती शर्यत हुकली. नीरजा फार रडली. पण हाड भरलं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती आधी चालली, मग हळूहळू पळू लागली आणि पुढच्या वर्षी निवडली गेली.

"शेवटी बनशंकरीदेवीचीच कृपा!" शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या.

"सरी, बरं, देवीला नमस्कार करा, काकू," अनुसूया म्हणाली. "पण गुण आला की तो कशानं आला, हे विचारत चला. आम्ही ते विचारलं नाही, म्हणून ही पोर मोडक्या पायानं पळायला निघाली होती."