दोन्ही प्रती ठेवा

…फुलीच होती. चष्मा काढून, बनियनच्या टोकाला पुसून, परत लावून पाहिलं तरी फुलीच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, तुरीच्या डाळीएवढा एक ढग गेले सात महिने निमूट बसलेला असायचा, आणि आज रविवारी, सकाळी सव्वासातला, त्याच्या पोटावर कोणीतरी लाल फुली मारली होती — चुकलेल्या गणितावर मारतात तशी, जरा रागानं. सुधाकरनं बाण ढगावर नेला. फाइलींचं सिंक थांबलं आहे, अशा अर्थाचं काहीतरी ढग इंग्रजीत म्हणाला. कारण सांगितलं नाही. कारण न सांगता काम थांबवणाऱ्यांशी दिल्लीच्या मंत्रालयात चौतीस वर्षं रोजचा संबंध असल्यामुळे सुधाकरला राग आला नाही. 

म्हणजे आज काही येणार नाही. पुष्करचं काही येणार नाही.

दिवाळीत पुष्कर आला होता तेव्हाची गोष्ट. गुडगावहून आर. के. पुरम, मेट्रो धरली तर तासाभराचा रस्ता, आणि पुष्कर तो वर्षातून चारदा करायचा, ऋतू बदलल्यासारखा. येताना हा कंप्यूटर घेऊन आला. “बाबा, हे बघा, इथं ठेवलेली फाइल आपोआप वर जाते. डबा बिघडला तरी टेन्शन नाही. आत्ता माझंच अकाउंट टाकून दाखवतो, नंतर तुमचं करून देतो.” तेवढ्यात आतून कुमुदिनीनं पानं वाढल्याची हाक मारली, आणि ते ‘नंतर’ श्रीखंडात बुडालं ते बुडालंच. चौथ्या दिवशी सुधाकरच्या पडद्यावर, हिरव्यागार टेकडीच्या मधोमध, एक फाइल येऊन पडली. नाव : ‘बूट परत पाठवणे’. सुधाकरला कोणतेही बूट परत पाठवायचे नव्हते. त्यानं कपाटात जाऊन आपले बूट पाहून घेतले, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की हे बूट गुडगावचे आहेत.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे फोन करायचा… आणि तसं पाहिलं तर त्यानं काही चोरून आणलं नव्हतं. टेबलावर आलेली फाइल न उघडता पडू देणं हा कर्तव्यात कसूर आहे, हे तो स्वतः कनिष्ठांना सांगत आला होता. म्हणून त्यानं उघडली. नऊ नंबरचे बूट, घोट्याला चावतात. पुष्करचा पाय नऊ नंबरचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं; त्याच्या हिशेबी तो अजून सातचा होता. मग रोज सकाळी चहा होण्याआधी कंप्यूटर लावायचा आणि काय आलंय ते पाहायचं. भाडेकरार. पोहण्याच्या तलावाचं वेळापत्रक. बाल्कनीतल्या एका मरतुकड्या कढीपत्त्याचे एकोणीस फोटो, सगळे एकाच बाजूनं. ‘सकाळी काय करायचं’ नावाची यादी — एक, उठणे, दोन, दात, तीन, विचार न करणे. तिसऱ्या कलमावर तो बराच वेळ थांबला होता. जानेवारीत गाडीच्या विम्याचा कागद आला, मुदत संपायला तीन दिवस, तर त्या रविवारी फोनवर त्यानं अगदी सहज विचारलं, विमा वगैरे बघतोस ना रे? पलीकडून पुष्कर म्हणाला, “बाबा, तुम्हाला कसं काय सुचतं हो?” “अंदाज,” सुधाकर म्हणाला होता, आणि तो दिवसभर स्वतःवर खूश होता.

मार्चच्या बारा तारखेला ‘राजीनामा_शेवटचा’ आला. चार ओळी. व्यक्तिगत कारणास्तव. त्या रविवारी पुष्कर फोनवर म्हणाला, ऑफिस ना, मस्त चाललंय. सुधाकर म्हणाला, बिल्कुल, बिल्कुल.

“अहो, त्या डब्यापुढं उपाशी बसणार आहात का?” कुमुदिनी दारात उभी होती, हातात कुलरमध्ये पाणी भरायची बादली. “तोंड का असं झालंय? कोण गेलं?”

“कोणी नाही. इंटरनेट जरा…”

“मग पुष्करला विचारा ना. त्याचंच तर काम ते.”

“तो कशाला. रविवार आहे.”

“तुमचाही रविवारच आहे,” ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

पुष्करला विचारणं शक्य नव्हतं. पुष्कर मिनिटभरात दुरुस्त करील, आणि त्या मिनिटातच त्याला दिसेल की अरे, हे तर माझं अकाउंट. मग तो सॉरी म्हणेल, आपलं अकाउंट काढून बाबांचं घालील, आणि ढग पुन्हा स्वच्छ होईल. आणि रिकामा. मग उरतील रविवारचे फोन — जे येतात कुमुदिनीला, चाळीस मिनिटं चालतात, आणि शेवटी “बाबांना दे” झाल्यावर सुधाकरच्या वाट्याला येतात तीन मिनिटं : गॅस आला का, गर्मी किती, इन्व्हर्टर चालतोय ना. बापाला गॅस, आईला बाकीचं जग. ही वाटणी कधी झाली, कोणाच्या सहीनं झाली, त्याला आठवत नव्हतं.

म्हणून त्यानं स्वतःच सुरुवात केली. कंप्यूटर बंद करून चालू केला. फुली. इंटरनेटच्या डब्याची तार काढली, फुंकली, लावली. फुली. मदतीचं पान शोधून त्यातल्या अकरा पायऱ्या कागदावर उतरवून घेतल्या आणि एकेकीपुढं बरोबरची खूण करत गेला; अकरावी पायरी अशी होती की आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा. सुधाकरनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. शेवटी त्यानं हरीशला फोन लावला. हा हरीश त्याच्याच शाखेतला, मागच्या वर्षी निवृत्त होऊन गाज़ियाबादला राहायला गेलेला, आणि ऑफिसातले झेरॉक्सपासून लिफ्टपर्यंत सगळे आजार बरे करायचा.

“बंद करके चालू किया, सुधाकर जी?”

“किया.”

“दो बार?”

“दो बार.”

“तीसरी बार मत करना, नाराज़ हो जाता है. अकाउंट किसका है?”

“बेटे का.”

“तो बेटे से पूछिए न.”

“बेटा… बिज़ी है.”

“अच्छा,” हरीश म्हणाला, आणि त्या ‘अच्छा’मध्ये तो थोडा वेळ टेकला. “देखिए, कोई एक फ़ाइल अटकी होगी. आप दोनों ने एक साथ खोल ली होगी. बादल पे क्लिक कीजिए, नाम बता देगा.”

“दोनों ने? नहीं, नहीं. उसकी फ़ाइलें इधर आती हैं. मेरी तो मेरे पास हैं.”

हरीश हसला. “भाईसाहब, टंकी का नल थोड़े ही है. दोनों तरफ़ से चलता है. उसकी आपके पास, आपकी उसके पास. दिवाली से? फिर तो दिवाली से सब देख रहा होगा. कुछ ऐसा-वैसा तो नहीं रखा?”

“नहीं, नहीं,” सुधाकर म्हणाला, आणि फोन ठेवला तेव्हा त्याचा कान गरम झालेला होता, दोन्ही कान, फोन एकालाच लावलेला असूनही.

चौतीस वर्षं. फाइल वर जाते, शेरा घेऊन खाली येते, खालचा शेरा घेऊन पुन्हा वर जाते — हे ज्याला झोपेत कळत होतं, त्याला हे कळलं नाही. ऐसं-वैसं काही नव्हतं. पडद्यावर त्याच्या स्वतःच्या तीनच फाइली होत्या : सोसायटीला पाण्याच्या टाकीबद्दलचं पत्र, पेन्शनचा अर्ज, आणि… दूरध्वनी नोंदवही.

नोंदवही त्यानं नोव्हेंबरात सुरू केली होती, दुसरं काही सुचेना म्हणून. रकाने सहा : तारीख, वार, कोणी केला, किती मिनिटं, विषय, शेरा. ‘कोणी केला’खाली सगळीकडं पुष्कर, पुष्कर, पुष्कर. विषय : गॅस. विषय : धुकं. विषय : गॅस. शेऱ्यात — खोकला. घाईत. हसला (एकदा). आणि सोळा मार्चला, रविवारी, त्याच्याच टंकलेखनात : ‘नोकरी सोडली आहे. सांगत नाही.’

सांगत नाही! हे पुष्करच्या पडद्यावर, कढीपत्त्याच्या शेजारी, दोन महिने पडलेलं होतं. म्हणजे बाबांना माहीत आहे हे त्याला माहीत, आणि तरी तो दर रविवारी म्हणत होता, मस्त चाललंय. आणि सुधाकर म्हणत होता, बिल्कुल. प्रेक्षक एकही नाही, आणि दोघंही पाठ केलेली वाक्यं चुकू देत नव्हते.

आणि मग, जरा उशिरानं, दुसरी गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचली. एप्रिलातली. एका शेऱ्यात त्यानं ‘आवाज बसलेला’ असं लिहिलं होतं, आणि दोन दिवसांनी पाहिलं तर त्यापुढं होतं : ‘सर्दी. बाकी काही नाही.’ हे लिहिल्याचं त्याला आठवेना. त्याआधी एकदा तीन मिनिटांची सहा झालेली. मग एकदा ‘विषय : गॅस’च्या पुढं ‘(पुन्हा)’. आपणच लिहितो आणि विसरतो, असा त्यानं निष्कर्ष काढला होता. त्याचे काकाही असेच सुरू झाले होते, आधी चाव्या, मग माणसं. तेव्हापासून तो रोज पाच अक्रोड खात होता आणि आंघोळीला गेला की सतराचा पाढा म्हणत होता — सतरा नव्वे त्रेपन्नाशे, इथं दम लागायचा — आणि कुमुदिनी बाहेरून विचारायची, आत कोण आहे? कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच स्वतःला ‘बाकी काही नाही’ म्हणून धीर देणारा माणूस किती दिवस टिकणार, याचा विचार मी करत बसायचो… नाही, मी नाही, सुधाकर. पण त्या दिवसांत कोण लिहितंय आणि कोण वाचतंय याची खात्री उरली नव्हती, एवढं खरं.

तर ते शब्द पुष्करचे होते; डोकं शाबूत होतं. याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आत शिरलं, आणि दोघं दारात अडकून बसले.

त्यानं ढगावर क्लिक केलं. हरीश म्हणाला तसंच होतं. अडकलेली फाइल एक : दूरध्वनी नोंदवही. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी या कंप्यूटरवर बदलली. सात वाजून अकरा मिनिटांनी पुष्करच्या लॅपटॉपवर. सात दहाला तर सुधाकर मागच्या रविवारचा शेरा सुधारत होता — ‘घाईत’ खोडून ‘जरा घाईत’. आणि पुढच्याच मिनिटाला, पंचवीस किलोमीटरवर, रविवार असून, नोकरी नसून, पुष्कर उठलेला होता. एक, उठणे. तिसरं कलम त्यानं पाळलेलं दिसत नव्हतं.

खाली तीन बटणं होती. ही प्रत ठेवा. ती प्रत ठेवा. दोन्ही प्रती ठेवा. प्रकरण वरिष्ठांकडे पाठवा असं चौथं बटण असतं तर सुधाकरनं तेच दाबलं असतं. त्यानं दोन्ही ठेवल्या. फुली गेली. ढगाच्या पोटात दोन बाण गोल फिरले आणि पडद्यावर पहिल्या नोंदवहीच्या शेजारी दुसरी येऊन बसली, नावापुढं शेपूट लावून : ‘पुष्करचा लॅपटॉप’.

उघडली. सगळं तेच, ओळीनं ओळ. ‘सांगत नाही’लाही हात लावलेला नव्हता. फक्त शेवटी एक ओळ जास्त होती. आजची तारीख. वार रविवार. आणि ‘कोणी केला’ या रकान्यात, सात महिन्यांत पहिल्यांदाच, पुष्कर नव्हतं. तिथं लिहिलं होतं : बाबा.

मिनिटं रिकामी. विषय रिकामा. शेरा रिकामा.

कुलरची घरघर बाहेरच्या खोलीत एकसारखी चालू होती. सुधाकर किती वेळ बसून होता, याची कुठंही नोंद नाही. मग तो उठला, बनियनवर शर्ट चढवला, वरचं बटणसुद्धा लावलं, भिंतीवरच्या आरशात भांग पाडला आणि परत येऊन ताठ बसला. मोबाइल समोर ठेवला. पुष्करचं नाव शोधायला यादी खाली सरकवावी लागली. वरच्या यादीत तो कधी आलाच नव्हता.

“त्याला लावताय?” कुमुदिनी पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली. तिनं शर्ट पाहिला, भांग पाहिला. “अगं बाई. अहो, मुलगा आहे तो, जॉइंट सेक्रेटरी नाही. लावा सरळ.”

“विषय काय सांगू?”

“कशाचा विषय?”

“काही नाही.”

“आम्ही चाळीस-चाळीस मिनिटं बोलतो ते काय विषय घेऊन बोलतो?” असं म्हणून ती गेली; पण पूर्ण गेली नाही. स्वयंपाकघरात तिनं नळ मुद्दाम बारीक ठेवल्याचं ऐकू येत होतं.

विषयाशिवाय फाइल उघडता येत नाही. सुधाकरनं रिकाम्या रकान्यात बाण नेला आणि लिहिलं, ‘नोकरी’. सेव्ह व्हायच्या आतच खोडलं. ती काही नोटीस नव्हती. मग त्याचा हात सवयीनंच चालला आणि रकान्यात आलं : ‘गॅस’. आणि हात सवयीनंच पुढं गेला — वीज जायच्या भीतीनं तो दर शब्दाला सेव्ह करायचा — आणि कोपऱ्यातल्या ढगात दोन बाण गोल फिरले.

गेलं. ‘गॅस’ गेलं.

त्यानं घाईघाईनं खोडलं, पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा बाण फिरले. म्हणजे आत्ता, तिकडं, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर त्या रकान्यात ‘गॅस’ उमटलं असेल आणि पुसलं गेलं असेल. एखादा माणूस दारापर्यंत येऊन, बेलवर बोट ठेवून परत फिरावा तसं. आणि तिकडचा माणूस हसला असेल का (एकदा)? सुधाकरच्या छातीत कुठंतरी, ज्या जागी एप्रिलपासून भीतीनं बिऱ्हाड केलं होतं तिथं, काहीतरी हलायला लागलं, आणि ते खोकल्यासारखं वर येतंय की हसण्यासारखं हे त्याला ठरवता येईना. रकाना रिकामाच होता. बोट पुष्करच्या नावावर होतं. ढग पांढरा, स्वच्छ, तुरीच्या डाळीएवढा. आणि सुधाकर त्याच्याकडं असा बघत होता, जसं काही त्याच्या मागूनही कोणीतरी, श्वास धरून, इकडं बघतंय.