मास्तरांची भिंत

सासऱ्यांना भिंतीशी उभं करते म्हणून माझा मोहल्लाभर बोभाटा झाला. उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलान गावात दिवसा फाटकाला कडी घालत नाहीत. शेजारच्या होजरमावशी दही मागायला म्हणून सरळ आत आल्या. सासरे भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे. मांड्या थरथरत होत्या आणि समोर उभी राहून मी म्हणत होते, "अजून थोडं, बाबा. श्वास रोखू नका." मावशी दही न घेताच परतल्या.

माझे सासरे एर्गशमास्तर. आयुष्यभर भूगोल शिकवला. गृहपाठ केला नाही म्हणून अर्धा मोहल्ला त्यांच्या वर्गात भिंतीशी उभा राहिलेला. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला : सून म्हाताऱ्याला शिक्षा करते.

मास्तरांचा रक्तदाब चढलेला, त्यात विसर पडायला लागलेला. बाहेर फिरायला सोडलं तर वाट चुकायचे. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "गेलं ते मला परत आणता येणार नाही. पण रक्तदाब आटोक्यात राहिला तर आहे तो मेंदू जास्त टिकण्याची आशा आहे. गोळ्या चालू ठेवा आणि घरच्या घरी हे करून घ्या." भिंतीला टेकून न हलता स्नायू आवळून धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. एवढंच.

वसंतापर्यंत रक्तदाब उतरला. मास्तर आपला चहा आपण ओतून घेऊ लागले. सकाळी मला नावाने हाक मारू लागले. संध्याकाळी मात्र मी कोणीतरी बाई. मी सकाळींवर समाधान मानत होते.

नवरा दिलमुरोद रशियात प्लास्टरच्या कामावर. त्याचा फोन आला. "लोक काय म्हणतायत, कळतंय का तुला?"

"बाबा माझं नाव घेतात आता."

"मला मान खाली घालायला लावू नकोस, गुलसनम."

मग मोहल्ल्याचे पुढारी नोमोझबॉय अक्साकल दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. दिवस कलला होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी याल का? सकाळी त्यांना सगळं आठवतं."

"सकाळ-संध्याकाळ बाप बदलतो का गं?"

डॉक्टरणीने सांगितलंय म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टरीणसुद्धा कुणाची तरी सूनच."

बाकीचे दोघे हसले. अक्साकलांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "मास्तर, खरं सांगा. सून छळते तुम्हाला?"

मी चहा ओतत होते. मनात म्हणत होते, एकदा नाव घ्या माझं, फक्त एकदा.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "ही बाई मला रोज भिंतीशी उभं करते," ते म्हणाले. "पाय भरून येतात माझे." त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. "माझी गुलसनम घरी असती तर हिला फाटकात पाऊल टाकू दिलं नसतं. गुणाची आहे माझी सून."

"बाबा, मीच गुलसनम."

ते अंग चोरून अक्साकलांकडे सरकले. अक्साकलांचे डोळे भरून आले, माझ्यासाठी नव्हे. जाताना म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाची जागा गादीवर. आजपासून भिंत बंद." होजरमावशी रोज डोकावून जायच्या, आणि रात्री नवऱ्याचा फोन यायचा. एकटीने कुणाकुणाशी भांडणार?

मास्तर गादीवर बसले. मग आडवे झाले. घरोघरून पुलाव येत राहिला. हिवाळ्यात झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टरीण तपासायला आली. मला तिच्याकडे बघवेना.

आता त्यांना कुशीवर वळवायला मी आणि होजरमावशी दोघी लागतो. सकाळ काय नि संध्याकाळ काय, ते कुणालाच हाक मारत नाहीत. मी त्यांची दुपटी धुते, घास भरवते, तोंड पुसते. आणि अक्साकल लग्नघरी नव्या सुनांना सांगतात, सेवा कशी करावी ते एर्गशमास्तरांच्या सुनेकडून शिका.