शेंदराखालची भोकं

“खडक तुमीच उडवला अन् आळ पाण्यावर घ्यायलाव, साहेब!”

धम्मशीला फोनवर ओरडली. पलीकडे रस्त्याच्या खात्याचा साहेब, त्याचा आवाज थंडच होता.

“मागच्या फोटोत खडक पाण्यानं झिजलेलाच दिसतो. सुरुंगाची भोकं दाखवा, मग भरपाईच्या पुलाचं बघू. आजच्या आज.”

लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी बाई ती. मागचे फोटो तिनं भर दुपारी काढले होते. डोक्यावरच्या उन्हात कातळ सपाट दिसतो, भोक न् झीज सारखीच. भोकांत सावली धरायची तर तिरपं ऊन पाहिजे, आणि या घळीत ते मावळतीलाच घटकाभर शिरतं. घळीपल्याड तिची बौद्धवस्ती. रस्त्याच्या खडीसाठी सुरुंग लावले, पायवाट कोसळली, तेव्हापासून वस्ती कोंडवाड्यातल्या जनावरासारखी अडकलेली.

कॅमेरा गळ्यात अडकवून ती घळीत उतरली. पाण्यानं घासून घासून खडकांना कंबर काढली होती, पोटं आत ओढली होती. त्यांच्यावरून ऊन खाली सरकत होतं. सुरुंगाच्या कातळापाशी मात्र तिचे पाय थबकले.

अख्खा कातळ शेंदरानं माखलेला. एकूण एक भोक लिंपून टाकलेलं.

“हे कुणी केलं?”

“मीच की गं.” कातळाआडून पुढं आलेल्या गावातल्या तानुबाईनं केशरी तळवे कौतुकानं पुढं केले. “तुमच्या वस्तीसाठीच. मुंजोबा बसवला. देव म्हणल्यावर साहेबाला हात जोडावेच लागतेत.”

“नारळ मी फोडला,” तिच्याशेजारी उभा असलेला सरपंच नागेश म्हणाला.

“अन् आमचं नशीब पण! आता साहेब म्हणंल, जुनं देवस्थान हाय, इथं सुरुंग कुठला?”

तानुबाईचे तळवे खाली आले. “मग खरवड की, बाई.”

“खरवड?” नागेश दचकला. “देवाला? अन् ते बी तुमच्या...”

पुढचं त्यानं गिळलं. धम्मशीलाला ते ऐकू आलंच. तिनं हात लावला, तर उद्यापासून गाव सुरुंगाचं बोलणार नाही, तिच्या हाताचंच बोलेल.

ऊन कातळावर आडवं झालं. आजूबाजूच्या खडकांची रेघ न् रेघ उठली. शेंदूर तेवढा गुळगुळीत चमकत राहिला.

तिनं एक धारदार कपची उचलून नागेशपुढं धरली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“ऊन चाललं, सरपंच. मतं मागायला घळ वलांडून आमच्या दारात आलता, तवा शिवाशिव न्हवती. आता बोला, कुणाच्या हातानं खरवडायचं?”